'विद्येविना मती गेली' यात अलंकार कोणता? आणि तो ओळखून करायचं काय?

आडवाट (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न माझा नाही, भाचीचा आहे. ती बारावीला आहे आणि कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत उतरली आहे. विषय मुलींचं शिक्षण, म्हणून सुरुवात महात्मा फुल्यांच्या ओळींनी करणार. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मधल्या या ओळी आपल्या सगळ्यांच्या पाठच असतात, तरी लिहितो:

विद्येविना मती गेली । मतीविना नीती गेली ।
नीतीविना गती गेली । गतीविना वित्त गेले ।
वित्ताविना शूद्र खचले ।
इतके अनर्थ एका अविद्येने केले ॥

भाचीने विचारलं, "मामा, यात अलंकार कोणता?" तिच्या गाईडात 'यमक' छापलंय. मी छातीठोकपणे 'अनुप्रास' म्हणालो. मग तिने मोबाइलवर शोधलं, तर इंग्रजीत याला म्हणे अ‍ॅनाडिप्लोसिस म्हणतात. मामाची पत गेली.

आता माझा खरा प्रश्न. अग्रलेख, भाषणं, जाहिराती, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरची भांडणं, सगळीकडे समोरच्याला पटवायच्या युक्त्या असतात. त्यांना इंग्रजीत ढीगभर नावं आहेत. मराठीत आहेत का? की आपण फक्त 'मुख कमलासारखे' इथेच अडकलोय?

सांगलीचा_वारा

रुमाल टाकून ठेवतो.
अ‍ॅनाडिप्लोसिस हे गोळीचं नाव वाटतं. दिवसातून दोनदा, जेवणानंतर.

कुमुदताई

आडवाट, पत गेली नाही. यमकही आहे, अनुप्रासही आहे. पण या ओळींचा जीव ज्यात आहे तो अलंकार म्हणजे कारणमाला. आधीची गोष्ट पुढचीचे कारण, ती त्याच्या पुढचीचे, अशी माळ ओवत जायचे. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त तो या नावानेच आहे आणि मम्मट हा अकराव्या शतकातला संस्कृत काव्यशास्त्रकार. शाळेच्या यादीत 'सार' असतो, कारणमाला नसते, म्हणून मुलांना ती ठाऊक नाही. 'सार'मध्ये पायरीपायरीने चढ असतो, पण एक पायरी दुसरीचे कारण असायलाच हवी असे नाही. तुमच्या इंग्रजी शब्दाचा अर्थ एवढाच, की एका तुकड्याच्या शेवटचा शब्द पुढच्याच्या सुरुवातीला येतो. तो कानाला ऐकू येणारा भाग झाला. कारणमाला अर्थाबद्दल बोलते.

गीतेत दुसऱ्या अध्यायात पाहा: विषयांचे चिंतन, त्यातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, आणि असे करत शेवटी नाश.

आणि हितोपदेशातले 'विद्या ददाति विनयम्' आठवा. विद्येने विनय, विनयाने पात्रता, पात्रतेने धन, धनाने धर्म, मग सुख. तीस-पस्तीस वर्षे मी हे वर्गात म्हणून घेतले. एक दिवस फुल्यांच्या ओळी त्याच्याशेजारी फळ्यावर लिहिल्या आणि थबकले. तीच माळ, उलट्या दिशेने. तिथे विद्या असल्यावर काय काय मिळते ते सांगितले आहे, इथे ती नसल्यावर काय काय जाते ते. फुल्यांच्या मनात तो श्लोक होता असा माझा दावा नाही. पण ज्यांना तो श्लोक म्हणण्याचा अधिकारच नव्हता त्यांच्या बाजूने ही माळ वाचली की अंगावर येते.

बोरीबंदर

ताई, दंडवत.

मी जाहिरातींची कॉपी लिहून पोट भरतो, म्हणून मला यातली कारागिरी दिसते. एक गोष्ट सांगतो, कुणाच्या लक्षात आली असेल तर माफ करा. क्रियापदं बघा. गेली, गेली, गेली, गेले, खचले, केले.

मती, नीती, गती, तिन्ही स्त्रीलिंगी, तिन्हींच्या शेवटी 'ती'. कान सरावतो. मग येतं 'वित्त'. लिंग बदललं, 'गेली'चं 'गेले' झालं, 'ती'ची साखळी तुटली. नेमकं जिथे पैसा जातो तिथे लय अडखळते. पुढच्या ओळीत माणूस येतो आणि आता 'गेले' हे क्रियापदही चालत नाही. माणूस जात नाही, तो खचतो. म्हणजे चार वेळा एकच क्रियापद आणि माणसासाठी वेगळं.

पण खरी मेख शेवटच्या ओळीत. इथपर्यंत सगळं आपोआप घडतंय. हे गेलं, ते गेलं, कुणी घालवलं याचा पत्ता नाही. शेवटी 'केले' येतं आणि कर्ता हजर होतो: अविद्येने. आणि 'इतके' समोर 'एका'. इतके अनर्थ, एक गुन्हेगार. भाचीला सांगा, 'एका' नंतर श्वास घे. तिथे घाई केली तर सगळं वाया.

ग्राहकाला मी असं काही लिहून दिलं तर तो म्हणेल, मस्त आहे, पण कंपनीचं नाव पहिल्याच ओळीत टाका.

तर्कट

इथे सगळे फुलं वेचताहेत, म्हणून मी जरा काडी टाकतो.

ऐकायला उत्तम, पण हा युक्तिवाद आहे का? नीती नसली की गती जाते, हे कुठे सिद्ध झालं? माझ्या ओळखीत नीती नसलेले आणि भयानक गती असलेले किमान चार जण आहेत, त्यातले दोघे बिल्डर. या प्रकाराला मी घसरगुंडी म्हणतो. आज मुलाला मोबाइल दिला, उद्या तो अभ्यास सोडेल, परवा व्यसनी होईल, तेरवा तुरुंगात. प्रत्येक पायरी थोडी थोडी पटते आणि आपण तळाशी जाऊन आदळतो. अलंकार चांगला असला की हेतू तपासायचा राहून जातो, हीच माझी तक्रार आहे.

कुमुदताई

तर्कट, काडी चांगली आहे. पण घसरगुंडी भविष्याविषयी भीती घालते. फुले 'जाईल' म्हणत नाहीत, 'गेली' म्हणतात. झालेल्या नुकसानाचे ते कारण शोधत आहेत. ही भविष्यवाणी नाही, हे निदान आहे. आणि या ओळी पुस्तकाच्या दारावर आहेत. पुरावा आत आहे. पहिल्याच प्रकरणात शेतकऱ्याच्या घरी जन्मापासून मरणापर्यंत धर्मविधींच्या नावाखाली पैसा कसा काढला जातो याचा हिशेब मांडला आहे. पुढे सरकारी कामगारांचा, म्हणजे अधिकाऱ्यांचा, समाचार आहे.

न्यायशास्त्राच्या, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या, भाषेत सांगायचे तर या ओळी म्हणजे प्रतिज्ञा, सिद्ध करायचे विधान. हेतू (म्हणजे कारण) आणि उदाहरण पुढच्या पानांवर. 'पर्वतावर अग्नी आहे' एवढेच म्हणून कोणी थांबले तर तुमचा आक्षेप योग्य. पण 'धूर दिसतो आहे', 'जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर', 'तसाच धूर इथे आहे', 'म्हणून इथे अग्नी आहे', असे पाचही अवयव पुरे केले तर? प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. आपल्याकडे पटवून देण्याचे शास्त्र हे होते. मात्र ते न्यायशास्त्राच्या कपाटात ठेवले गेले आणि शाळेत पोचले फक्त अलंकारांचे कपाट. त्यामुळे आडवाटांसारख्या चांगल्या वाचकालाही वाटते, की मराठीत मुख आणि कमळच आहे.

तर्कट

निदानाचा मुद्दा मान्य. 'गेली' आणि 'जाईल' यातला फरक माझ्या लक्षात आला नव्हता. चार ओळखीच्यांबद्दलचं मत मात्र कायम.

आडवाट

ताई, तुम्ही आत्ताच 'आक्षेप' हा शब्द वापरलात. तोही अलंकार आहे असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं. खरं का?

कुमुदताई

खरं. आणि त्याचा अर्थ आजच्या 'हरकत' या अर्थापेक्षा निराळा आहे. जे सांगायचे आहे त्याचाच निषेध करायचा, म्हणजे ते जास्त ठसते. 'त्यांच्या थकबाकीबद्दल मी आज काहीही बोलणार नाही.' झाले बोलून.

असे फसवे शब्द बरेच आहेत. 'व्यतिरेक' घ्या. अलंकारात व्यतिरेक म्हणजे उपमेय उपमानाहून सरस ठरवणे, 'अमृताहुनी गोड' सारखे. न्यायात व्यतिरेक म्हणजे 'हे नसेल तर तेही नसते'. फुल्यांचे 'विना' हा दुसऱ्या जातीचा व्यतिरेक आहे. आणि 'अविद्या' वेदान्तात ब्रह्माविषयीचे अज्ञान. फुले तोच शब्द उचलून शाळेत जायला न मिळणे या अर्थी वापरतात. पारमार्थिक शब्दाला त्यांनी शेतात उभे केले.

सांगलीचा_वारा

आमच्या सोसायटीच्या चेअरमनचं वाक्य: "मी कुणाचं नाव घेणार नाही, पण ४०२ वाल्यांनी समजून घ्यावं." हा आक्षेप की गुन्हा?

बोरीबंदर

@सांगलीचा_वारा, '४०२ वाल्यांनी' ही लक्षणा. 😀

थट्टा बाजूला. लक्षणा हा शब्द शाळेत ऐकला तेव्हा डोक्यावरून गेला होता. गंगेवर गवळीवाडा, म्हणजे गंगेच्या काठावर. बरं, मग? नंतर एकदा दादर स्टेशनबाहेर उभा होतो. शेजारच्या बाई ओरडल्या, "ए टॅक्सी!" आणि एक माणूस वळला. तेव्हा कळलं. गाडीच्या नावाने माणसाला हाक. "ए भाजी, मेथी कशी दिली?" हेही तेच. 'दिल्लीने मागणी फेटाळली' ही बातमीही तेच, फक्त तिथे एक गंमत होते. भाजीवाल्या मावशी समोर असतात, दिल्लीतला मात्र नेमका कोण, ते झाकलं जातं. पटवण्याच्या लेखनात लक्षणेचं मोठं काम हे झाकण्याचं. 'प्रशासनाने', 'बाजाराने', 'समाजाने'. कोण नक्की?

दुसरी आमची लाडकी म्हणजे अपन्हुती. 'हा नुसता चहा नाही, ही आईची माया आहे.' उपमेय नाकारायचं आणि उपमान बसवायचं. हल्ली तर प्रत्येक पोस्ट अशीच. ही नोकरी नाही, हा प्रवास आहे. हे अपयश नाही, ही शिकवण आहे. मी स्वतः या पापात सहभागी आहे, पण आता वाचवत नाही.

दूरदेशी

उशिरा आलो. न्यू जर्सीत असतो. मुलाला हायस्कूलमध्ये जी एपी इंग्लिश लँग्वेज नावाची परीक्षा आहे, तिच्यात एका निबंधाला विषयच हा असतो: एक भाषण किंवा लेख देतात आणि लेखकाने वाचकाला कसं वळवलं ते लिहायचं. शेक्सपिअरच्या नाटकातलं सीझरच्या प्रेताशेजारचं अँटनीचं भाषण त्यांना वर्गात शिकवलं. ब्रूटस 'ऑनरेबल' माणूस आहे असं तो इतक्या वेळा म्हणतो की शेवटी तीच शिवी होते.

सांगायचं हे, की तिथे नुसतं 'इथे अमुक अलंकार आहे' लिहिलं तर शिक्षिका लाल पेनाने समासात लिहितात, "मग काय?" मुलगा आधी वैतागायचा. बोरीबंदर यांनी वर क्रियापदांचं जे केलं, ते त्याला भाषांतर करून ऐकवलं. म्हणाला, "बाबा, हे त्यांना हवं असतं."

ईथॉस, पॅथॉस, लोगॉस ही अ‍ॅरिस्टॉटलची त्रयीही त्यांना पाठ असते. बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि मांडलेला तर्क. आपल्याकडे अशी त्रयी आहे का?

कुमुदताई

एक त्रयी आहे, पण ती नेमकी तीच नव्हे. मम्मट म्हणतो, उपदेश तीन तऱ्हांचा. वेद मालकासारखे आज्ञा करतात, ते प्रभुसंमित. पुराणे-इतिहास मित्रासारखे समजावतात, ते सुहृत्संमित. आणि काव्य प्रियेसारखे, कळूही न देता मन वळवते, ते कान्तासंमित. अ‍ॅरिस्टॉटलच्या तिन्ही गोष्टी एकाच भाषणात असू शकतात. मम्मटाचे तीन म्हणजे तीन जातींचे ग्रंथ. त्यामुळे जोड्या लावू नयेत. तरीही सोसायटीची नोटीस वाचताना मला मम्मट आठवतो. 'पाणी जपून वापरावे, हुकुमावरून' हे प्रभुसंमित.

तर्कट

माझ्याही वाट्याचं थोडं लिहितो, कारण या धाग्यावर एक तरी वकील हवा.

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेच्या तीन जाती आहेत. वाद, म्हणजे खरं काय ते शोधायला दोघांनी केलेली चर्चा. जल्प, म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. वितंडा, म्हणजे स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची फक्त फोडायची. आपण 'वितंडवाद' सरसकट कुठल्याही भांडणाला म्हणतो, पण मूळ अर्थ जास्त उपयोगी आहे. टीव्हीवरच्या चर्चेत एखादा पाहुणा तासभर बोलतो आणि त्याचं स्वतःचं मत काय ते कळत नाही, तो वितंडा. (आणि हो, माझा वरचा पहिला प्रतिसादही त्याच जातीचा होता. मान्य.)

याशिवाय छल. समोरच्याचा शब्द मुद्दाम वेगळ्या अर्थाने घ्यायचा. जुनं उदाहरण 'नवकम्बल'. कुणी म्हणालं, हा मुलगा नवकम्बल आहे, म्हणजे नव्या घोंगडीचा. दुसरा म्हणतो, नऊ घोंगड्या? कुठे आहेत? एकच तर दिसतेय! समाजमाध्यमांवरची निम्मी भांडणं या घोंगडीवर चालतात.

आडवाट

तर्कट, वकील आहात म्हणून विचारतो. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' या अग्रलेखासाठी टिळकांना शिक्षा झाली ना? प्रश्नचिन्हासाठी तुरुंग!

तर्कट

हा समज फार पसरलेला आहे, पण तसं नाही. तो अग्रलेख जुलै १८९७ चा, पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावरच्या हल्ल्यानंतरचा. त्या साली टिळकांवर जो राजद्रोहाचा खटला चालला तो १५ जून १८९७ च्या 'केसरी'तल्या मजकुरावर, म्हणजे हल्ल्याच्या आठवडाभर आधीच्या. त्यात शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत होता आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता होती. कवितेत महाराज जागे होऊन देशाची दशा बघतात आणि बोलतात.

आता या धाग्याच्या दृष्टीने बघा. मेलेल्या थोर पुरुषाच्या तोंडून आजचं बोलणं हा जगभरचा जुना अलंकार. हायकोर्टात प्रश्न हाच होता: बोलतंय कोण? सतराव्या शतकातले महाराज, की १८९७ चे संपादक? आणि ऐकणाऱ्याने काय करावं अशी अपेक्षा आहे? ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी. सहांनी दोषी म्हटलं, तिघांनी निर्दोष. शिक्षा १८ महिने सक्तमजुरी.

त्याहून गंमत न्यायमूर्ती स्ट्रेचींची. कायद्यात शब्द होता 'डिसअफेक्शन'. त्यांनी ज्युरीला सांगितलं, त्याचा अर्थ 'अफेक्शन नसणे'. म्हणजे सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा. उपसर्ग सुटा केला आणि माणूस आत. मी याला वाक्छल म्हणेन, ताई काय म्हणतात बघू. १९०८ च्या खटल्यात 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख होते. तेव्हा टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, तासन् तास बोलले, आणि त्यातला मोठा भाग मराठी शब्दांचं इंग्रजी भाषांतर कसं चुकलंय याबद्दल होता. शिक्षा सहा वर्षं, मंडाले. अलंकार कुठे संपतो आणि अर्थ कुठे सुरू होतो हा प्रश्न परीक्षेपुरता नाही, एवढंच.

कुमुदताई

छलात आपण वेगळा अर्थ घेत आहोत हे छल करणाऱ्याला माहीत असते. न्यायमूर्तींना ते माहीत होते का, हे मी कसे सांगू? म्हणून वाक्छल म्हणायला कचरते.

पण त्या मथळ्याला नाव आहे: काकू. हसू नका. काकू म्हणजे आवाजाचा हेल, ज्याने प्रश्नाचे उत्तर प्रश्नातच येते. 'हे घर आहे की धर्मशाळा?' याचे उत्तर कोणी देत नाही. माझ्या मुलाने एकदा दिले होते, "धर्मशाळेत जेवण वेळेवर मिळतं." त्याला काकू कळली नव्हती, किंवा फार चांगली कळली होती.

छापील मथळ्यात हेल ऐकू येत नाही, तरी टिळकांचा येतो. का? कारण 'डोके ठिकाणावर आहे काय' हे घरात, ओट्यावर, भाऊबंदकीत बोलायचे वाक्य आहे. विनंत्या-अर्जांच्या भाषेची सवय असलेल्या सरकारला संपादक ओट्यावरचा प्रश्न विचारतो. अर्धे काम त्या पातळीच्या बदलाने केले आहे.

सांगलीचा_वारा

काकू हा अलंकार आहे हे आमच्या काकूला सांगितलं. ती म्हणाली, "मग सोन्याचा घाल."

बोरीबंदर

😀😀 धागा वसूल.

जाता जाता, अतिशयोक्तीवर कुणीच बोललं नाही. आचार्य अत्र्यांचं 'गेल्या दहा हजार वर्षांत' आठवा. आकडा खोटा आहे हे लिहिणाऱ्याला माहीत, वाचणाऱ्यालाही माहीत, म्हणून ती फसवणूक होत नाही. याउलट आम्ही जाहिरातीत 'दहापैकी नऊ गृहिणी' लिहितो, तो आकडा खरा वाटावा असाच काढलेला असतो. पहिला अलंकार. दुसऱ्याला तर्कट हेत्वाभास म्हणतील, म्हणजे खऱ्यासारखं दिसणारं खोटं कारण.

तर्कट

नाही. दुसऱ्याला मी नोटीस पाठवेन.

आडवाट

सगळ्यांचे आभार. भाचीने धागा अथपासून इतिपर्यंत वाचला. भाषणात आता ती पहिल्या पाच ओळी सलग म्हणते, 'इतके अनर्थ एका' इथे थांबते आणि समोर बघते. काल घरी सराव केला तेव्हा 'अविद्येने' आजीनेच म्हटलं, आजी स्वतः चौथी शिकलेली. मग कुणी काही बोललं नाही.

गाईडात तिने 'यमक' खोडलेलं नाही, शेजारी पेन्सिलीने 'कारणमाला (मग काय?)' लिहिलंय. आणि आता विचारतेय, 'सुधारक' या पत्राचं ब्रीद, आगरकरांचं, 'इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार', यात कोणता?

कुमुदताई

तिला म्हणावे, आधी 'बोलणार' आणि 'करणार' यांची अदलाबदल करून वाच, आणि काय बिघडते ते मला कळव. नाव नंतर सांगते. आत्ता कुकरची तिसरी शिट्टी झाली.